शांती नगरमधला वन बीएचके

मच्छीवरून भाड्याची आधीची घरं हातची गेली होती. म्हणून शांती नगरमधल्या मालकांची बेल वाजवताना डॅरेनने बायकोला बजावलं, "स्टेफनी, आपण प्युअर व्हेज. उत्तनच्या कोळीवाड्याचं नाव काढू नकोस."

सोफ्यावर: मालक, मालकीणबाई, मध्ये शेवेची बशी. समोर अंग चोरून बसलेले डॅरेन आणि स्टेफनी.

टीव्हीवर: जुन्या धाटणीचा, स्वस्तातला भयपट. मुखवटेवाला एका मुलीचं पोट फाडतो. रक्त थेट कॅमेऱ्याच्या काचेवर उडतं. मग तो तिची आतडी दोरीसारखी बाहेर ओढतो आणि गळ्यात घालतो.

सोफ्यावर: "क्या मारतोय," मालक शेव चावत म्हणतात. "आजकल असा गंदा पिक्चर कोण बनवतं?" मालकीणबाई तोच सीन परत लावायला सांगतात. स्टेफनी तोंड फिरवते.

टीव्हीवर: परत तेच पोट, तीच आतडी.

सोफ्यावर: "तोंड काय फिरवते बेटा? बघ ना, एकदम असली वाटतं," मालकीणबाई म्हणतात.

"काय असली?" वैतागलेल्या स्टेफनीच्या तोंडून निघून जातं. "आतडी अशी निघतात का? आधी कल्ल्याखाली सुरी घालायची, मग पोट."

डॅरेन डोळे मिटून घेतो.

टीव्हीवर: मालकांनी बटण दाबल्यामुळे मुलगी अर्धी कापलेली तशीच थांबते.

सोफ्यावर: मालकीणबाई नाकाला ओढणी लावतात.



"सॉरी बेटा," मालक म्हणतात. "कापाकापी आम्हाला बघवत नाही."