गादीवाल्या अण्णांचं जीवनचरित्र

“महिनाअखेरपर्यंत एक तरी गादी त्या वेबसाइटवरून विकून दाखव,” अण्णा म्हणाले, “नाहीतर तिला टाळं लावू आणि तू आपली मुकाट्याने उशांचे अभ्रे शिवायला बस.”

वेबसाइट सूनबाईने हट्टाने काढली होती. नवऱ्याची समजूत घालून, सासऱ्यांच्या मागे लागून. दुकानातल्या एकेका गादीचा फोटो तिने स्टुलावर चढून स्वतः काढला होता. आणि वर्ष होत आलं तरी वेबसाइटवरून गादी काय, साधी उशीसुद्धा हलली नव्हती.

दोष कुणाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अण्णांचा. वेबसाइटला परवानगी देताना त्यांनी अट घातली होती, की आपलं जीवनचरित्र तिच्यावर हवंच. ‘मी, माझी गादी आणि शांत झोप.’ स्वतः रात्री जागून टाइप केलेलं, हे भलंमोठं! घरात ते सगळ्यांनी वाचलं होतं, म्हणजे सगळे तसं म्हणत होते. सूनबाईने दुसऱ्या परिच्छेदात, अण्णांचा जन्म व्हायच्या आधीच, हात टेकले होते आणि बाकीचं न वाचता तसंच वेबसाइटवर चिकटवून दिलं होतं. “छान झालंय, अण्णा. शेवट तर फारच सुंदर,” असंही ती वर म्हणाली होती. अण्णा तेव्हा छताच्या पंख्याकडे बघू लागले होते. लाजले असतील, असं तिला वाटलं.

आता ‘तुमचं चरित्र काढा, मग गाद्या खपतील’ हे सासऱ्यांना तोंडावर कोण सांगणार? पुरावा हवा होता.

ती गल्ल्यामागच्या कॉम्प्युटरवर बसली. वेबसाइटवर किती माणसं आली, एवढंच ती आजवर बघायची. पण आलेला माणूस सगळ्यात आधी कोणत्या पानावर उतरतो, याचाही रिपोर्ट असतो. तो एका मेनूच्या पोटातल्या दुसऱ्या मेनूत दडून बसला होता. तिने तो शोधून काढला आणि बघतच राहिली. पहिल्या नंबरावर चरित्र!

मग तिची ट्यूब पेटली. अण्णा रोज सकाळी चहा घेता घेता याच कॉम्प्युटरवर आपलं चरित्र उघडून न्याहाळायचे. तिने फिल्टर लावला आणि दुकानातल्या भेटी, म्हणजे खुद्द सासरेबुवांनाच, गाळून टाकलं. चरित्र जागचं हललं नाही. जो तो तिथूनच आत शिरत होता. तिथून पुढे गाद्यांच्या पानाकडे मात्र एकही जण फिरकत नव्हता.

अण्णा मागे येऊन कधी उभे राहिले, तिला कळलंही नाही.

“बघ!” त्यांची छाती फुगली. “लोक माझ्यासाठी येतात. तुझ्या गाद्या नकोयत त्यांना.”

तीन पिढ्यांच्या गाद्या एका वाक्यात तिच्या झाल्या. अण्णा तरंगतच दुकानाच्या दर्शनी भागात गेले. तिथे मांडलेल्या गादीवर सासूबाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. अण्णांनी मोबाइलवर चरित्र उघडलं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली.

सूनबाई चिडून रिपोर्टशी झटापट करत राहिली. तिने त्यात एकेक रकाना वाढवला. ही माणसं येतात कधी? मध्यरात्र उलटल्यावर. काय शोधत येतात? ‘झोप येत नाही काय करू.’ थांबतात किती? पान तासन्‌तास उघडंच. आणि पुन्हा येतात का? रोज. तीच तीच माणसं, रोज! एवढं आवडतं, तर एक बटण दाबून गादी मागवायला यांच्या हाताला काय होतं?

दर्शनी भागातून घोरण्याचा आवाज आला.

सूनबाईने मान वळवली. सासूबाईंना झोप नावाची गोष्ट माहीत नव्हती. दुकानातली प्रत्येक गादी त्यांनी पाठीखाली घेऊन नापास केली होती. त्या आता बसल्या जागी कलंडल्या होत्या. सुया हातात तशाच होत्या. अण्णांचा जन्म अजून व्हायचा होता. “भारावलीय,” अण्णा कुजबुजले आणि वाचत राहिले.

सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. रिपोर्टकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. ‘गादी मागवा’ हे बटण चरित्राच्या अगदी तळाशी होतं. तिथवर गिऱ्हाईक जागं राहिलं तर ना!

तिने खालचं बटण राहू दिलं आणि दुसऱ्या परिच्छेदात एक नवं बसवलं, ‘अजून जागे आहात? गादी मागवा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ऑर्डर आली. आठवडा संपायच्या आत गाद्या बांधता बांधता नवऱ्याच्या नाकी नऊ आले. सूनबाईला आनंद लपवता येईना. अण्णांचं तोंड मात्र उतरलं होतं.

“ते मधलं बटण काढ,” ते म्हणाले. “माझ्या आयुष्यात मध्येच दुकान मांडलंयस. शेवटी आहे ना एक? शेवट वाचल्यावर माणूस आपणहून गादी मागवेल.”

“असं? मग बघूच या शेवट.” ती पान खाली सरकवू लागली.

“अगं, आत्ता कशाला? राहू दे की!” अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला.

पण ती तळाशी पोचली होती. शेवटचं वाक्य होतं, ‘आणि त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की’. त्यापुढे ळ होता. मग आणखी एक ळ. मग ओळीच्या ओळी, पडदाभर, बटणापर्यंत नुसते ळ.

तिने वळून पाहिलं. अण्णा छताच्या पंख्याकडे बघत होते.

“तिथे,” ते हळूच म्हणाले, “माझाही डोळा लागला होता.”