काडीचं माप

बूट घालून आप्पा अंगणात चालू लागले, तशा कोंबड्या परड्यात पळाल्या.

"जमादार आला जणू," गुणाबाई चुलीपुढून म्हणाली. "कोंबड्यांनी बी वळखलं न्हाय तुमास्नी."

आप्पा हसले. उभ्या जन्मात त्यांच्या पायात वहाणेपलीकडे काही गेलं नव्हतं, आणि रानात जाताना तीही नसे. कणकुंबीकडच्या जंगलात ठेकेदाराची झाडं तोडायची, ओंडके उतारावरून ओढून रस्त्याला आणायचे, हे सगळं त्यांनी अनवाणीच केलं होतं. बांबूचे खुंट लागून तळव्यांची चाळण झाली होती.

त्यांची लेक मनुबाई उंबऱ्याशी बसून बघत होती. ती बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवायची. आदल्या संध्याकाळी सर्व्हिस मोटारीनं आली आणि पिशवी खुंटीला अडकवून पाय धुवायला मागं गेली. ती दर खेपेला आणते त्या तंबाखूसाठी आप्पांनी पिशवीत हात घातला, तो बूटच हाती आले. ती परत आली तेव्हा एक बूट मांडीवर घेऊन ते त्याच्यावरून हात फिरवत होते.

"माझं माप कवा घेतलंस गं?"

मनुबाई ओले पाय पुसत राहिली.

"घोरत पडल्यावर तुमचा पाय कापून नेला तरी कळायचं न्हाय," गुणाबाई म्हणाली. "माप घ्यायला काय लागतंय?"

"घालून बघा," मनुबाई एवढंच म्हणाली.

बूट सैल होते. आप्पांनी टाचेत चिंध्या कोंबल्या.

"आप्पा, राहू द्या. मी परत नेते. तुम्हाला दुसरे करून आणते."

"खुळी का काय? लेकीनं आणल्यालं कुणी माघारी धाडतंय व्हय?"

ती आणखी काही बोलणार होती. पण रवळू गेल्यापासून तिनं त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. रवळू तिचा थोरला भाऊ. तो घर सोडून गेला त्या दिवशी आप्पा नदीवर जाऊन त्याच्या नावानं डोक्यावरून आंघोळ करून आले, आणि तेव्हापासून त्या घरात ते नाव कुणी काढलं नव्हतं.

आप्पा शेजारच्या परशरामाला बूट दाखवायला गेले. मनुबाई उंबऱ्यातच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परशरामच धावत आला.

"ओंडका दवानं निसरडा झालता," तो दाराशी धापा टाकत म्हणाला. "वरनं सुटला. आमी उड्या मारल्या. आप्पाचा पाय बुटात फिरला, काकी. टाच बाहीर अन् बूट तिथंच."

अग्नी पुतण्या भावकूनं दिला. दुसरं कोण देणार, असं जो तो म्हणाला.

बायका येऊन बसत, तिच्या पाठीवरून हात फिरवत. "बापाच्या पायाची काळजी केलीस, त्यात तुजा काय दोष? चूक त्या बूट शिवणाऱ्याची." प्रत्येक वेळी मनुबाईची मान आणखी खाली जाई. भावकू तर ते बूट घेऊन बेळगावला गेला आणि भर बाजारात मष्णूच्या दुकानात आपटून आला. "तुज्या बुटानं माजा चुलता खाल्ला," म्हणाला. आठवड्याच्या बाजाराला गेलेल्यांनी ते गावभर केलं.

मनुबाईला मष्णूचं दुकान आठवत होतं. क्यांपातल्या सोजिरांचे बूट शिवणारा, तोंडानं फटकळ माणूस.

"कुणासाठी?" त्यानं विचारलं होतं.

"घरचंच माणूस आहे. जंगलात लाकूड ओढतं."

"मग पातळ चामडं नको. म्हशीचं घ्या, तळ दुहेरी, घोट्याच्या वर चार बोटं. माणूस कुठाय?"

"येऊ शकत नाही. काडी आणलीय."

खेड्यातली माणसं पायाच्या लांबीची काडी मोडून बाजाराला जाणाऱ्याजवळ देतात, तशीच बांबूची काडी तिनं पुढं ठेवली. टाचेच्या टोकाला निळा दोरा बांधला होता.

"काडीला बोटं असत्यात व्हय, बाई?" मष्णू चामड्यात आरी टोचत हसला. "बरं, असूं दे. मष्णूचं माप चुकत न्हाय. चुकलं तर आरी खाली ठेवीन."

तेराव्याला जेवणं उरकत असताना तो अंगणात येऊन उभा राहिला. काखेत फडक्याचं गाठोडं. भावकू अंगावर धावला. परशरामानं त्याला धरलं.

मष्णू कुणाकडे न बघता खाली बसला. गाठोड्यातून त्यानं ते बूट काढले, मग ती काडी. काडी बुटाच्या आत घातली. टोकाला टोक लागलं.

"बूट काडीपरमाणं हाय," तो गुणाबाईला म्हणाला. "म्हंजे मी काडीच बदलली, आक्का. दुकानात पन्नास काड्या पडल्याल्या असत्यात. आताशा डोळ्याला कमी दिसतंय. दुसऱ्या कुणाची तरी काडी तुमच्या मालकाला लागली."

त्यानं कमरेची आरी काढून बुटांशेजारी ठेवली.

"आता ही हातात धरणार न्हाय."

गुणाबाईनं पदर तोंडाला लावला. भावकूचे हात सैल पडले.

मनुबाई उठली. अंगण ओलांडून गेली आणि तिनं बुटातली काडी काढून घेतली. निळा दोरा अजून तसाच होता. तिनं आरी उचलून मष्णूच्या हातात दिली आणि आईकडे तोंड केलं.

"काडी बदलली नाही, आई. ही रवळूदादाच्या पायाची आहे. कॅसलरॉकला लाकडं ओढतोय तो, अजून अनवाणी."