वाढणारं घर

भिंतीवरच्या मोजपट्टीला पाठ लावून शिंप्याची बायको उभी होती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. टाचा टेकल्या होत्या, पण डोकं काही केल्या भिंतीला टेकत नव्हतं.

"काकू, तरुणपणी उंची किती होती?" सिस्टरनं विचारलं. हाड मोडून आलेल्याला गाठायचं आणि त्याचं दुसरं हाड मोडू द्यायचं नाही, हेच तिचं काम होतं.

"होती तेवढीच आहे. हा गाऊन बघा, बरोब्बर घोट्यावर. हे चाळीस वर्षं एकाच मापानं शिवतात. हातच्या काकणाला आरसा कशाला? तपासण्या नकोत मला. स्टुलावरून पडले, मनगट मोडलं, संपलं."

"स्टुलावर कशाला चढलात?"

ती गालात हसली. "आमचं घर वाढतंय हो."

खरंच वाढत होतं ते. चहाचा डबा पूर्वी सहज हाताला यायचा, आता फळीच वर गेली होती. कपड्यांची दोरी आभाळाकडे निघाली होती. दुपारी आडवं पडलं की छत सावकाश दूर जाताना दिसायचं. तिला आवडायचं ते. म्हातारपणी एवढं मोठं घर कुणाच्या नशिबी असतं?

दाराशी उभ्या शिंप्याला हसू आलं नाही. त्याला भीती वाटत होती.

"तपासणी नको असेल तर इथं सही करा," सिस्टर म्हणाली. "पण आज मनगट गेलं, उद्या खुबा जाईल. मग उठणं अवघड."

बायकोनं डाव्या हातात पेन घेतलं.

"थांब," शिंपी म्हणाला. "वहीत माप जुनंच आहे. पण गेली आठ वर्षं मी तुझा गाऊन दरवर्षी अर्धं बोट आखूड कापतोय. गुपचूप. तुला म्हातारं झाल्यासारखं वाटू नये म्हणून."

"म्हणजे एकूण किती?" सिस्टरनं विचारलं.

त्यानं चार बोटं आडवी धरली.

सिस्टरनं ते लिहून घेतलं, हाडांच्या तपासणीची चिठ्ठी केली आणि डॉक्टरांना फोन लावला. मग ती बायकोकडे वळली. "उंची एवढी घटली म्हणजे पाठीचे मणके खचताहेत. आजच तपासणी, मग औषध. आणि दर महिन्याला माझा फोन येईल. टाळायचा नाही."

बायकोनं गाऊनच्या काठाकडे पाहिलं. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "गाऊन कशाला कापत बसलात? फळी खाली घ्यायची होती."