साहेबांची खोली

“कपाट परत माझ्याकडं सरकवलंत ना, कुंभोजेबाई? माझी पोरं काय भिंतीत चिणू?” मांजरेकरबाई दात आवळून म्हणाल्या.

“मग माझी खिडकीला टांगू?” कुंभोजेबाईंनी कपाट उलट ढकललं. एकाच खोलीत पाचवी आणि सहावी, मधे ते कपाट. दोघी एकमेकींवर आवाज चढवून शिकवायच्या, त्यामुळं पाचवीला सहावीच्या कविता पाठ होत्या.

शेजारची मोठी खोली मात्र दिवंगत संस्थापकांची. तिथं त्यांची खुर्ची, शाल आणि चष्मा. शिपाई रोज चपला काढून खुर्चीला हार घालायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. त्या खोलीबद्दल कुणी ब्र काढत नसे.

आज पुण्यतिथी म्हणून संस्थापकांच्या पत्नी, माई, हेडमास्तरांबरोबर हार घेऊन आल्या आणि तेवढ्यात ढकलाढकलीत कपाट कलंडलं. एका मुलीचा पाय थोडक्यात वाचला. तरी दोघी बाई भांडतच होत्या.

माईंनी त्या रडणाऱ्या मुलीला जवळ घेतलं. “या पोरांना त्या खोलीत बसवा.”

“पण माई, तिथं साहेबांची खुर्ची...” हेडमास्तर चाचरले.

“साहेब वारलेत, हेडमास्तर,” माई म्हणाल्या. “त्यांना आता बसायला जागा लागत नाही.”