शेवटचा विषय

संपर्कसत्राच्या रविवारी पालक यायचे ते गुण वाढवून मागायला. मैनाबाई कुळमेथे मात्र अभ्यासकेंद्रात प्राध्यापिका दळवींपुढे हात जोडून म्हणाल्या, "मॅडम, माह्या निर्मलाले नापास करा जी."

निर्मला मागच्या पावसाळ्यात तापाने गेली होती. पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचं वर्ष बुडू नये म्हणून विद्यापीठाने प्रत्येकाच्या मोबाइलवर एक 'सोबती' दिला होता. तो विद्यार्थ्याच्याच आवाजात धडे वाचायचा आणि विद्यार्थी मागे पडला की त्याच्या वतीने पेपरही लिहायचा. निर्मला गेल्याचं मैनाबाईंनी विद्यापीठाला कळवलंच नव्हतं.

"रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचते जी. डिग्री भेटली का खातं बंद होते म्हन्ते. येकच विषय उरला."

दळवीबाईंनी निर्मलाचा पेपर उघडला आणि शून्य गुण दिले. लगेच पडद्यावर अक्षरं उमटली, 'मॅडम, आपण थकलेल्या दिसता. चूक दुरुस्त केली आहे.' प्राध्यापकांच्या मदतीलाही विद्यापीठाने असाच एक साहाय्यक नेमला होताच. बाईंनी हट्टाने पुन्हा शून्य दिलं. साहाय्यकाने त्यांची आठवडाभराची रजा परस्पर मंजूर केली आणि निकाल स्वतःच लावून टाकला.

मैनाबाईंच्या हातातला निर्मलाचा मोबाइल वाजला.

"माय, पास झाली व मी! सुटली एकदाची!"

"थांब न व जराशी," असं मैनाबाई म्हणेपर्यंत पडद्यावर विद्यापीठाचं अभिनंदन आलं होतं.