सह्या होईपर्यंत

"अजून दीपगृह राहिलंय," टेलर म्हणाला, आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

सकाळपासून त्यांना एकच धास्ती होती. टेलर कंटाळला आणि त्यानं परतीच्या बसचं नाव काढलं, तर सबब काय सांगायची? पण आज गडी वेगळाच होता. तटबंदी बघून झाली, संग्रहालय झालं, जुन्या बंदरातले दगडी नांगर झाले, तरी याचं समाधान होईना. गुडघा दुखत होता, डोळे जागरणानं लाल झाले होते. कुणाचा तरी शर्ट आजच द्यायचा होता म्हणून रात्रभर मशीनवर बसला होता म्हणे. तरी आपला सगळ्यांच्या पुढे.

मास्तर, टेलर आणि पोस्टमन. तिघांचं उभं आयुष्य एकाच गल्लीत गेलं. मास्तर आणि पोस्टमन आता निवृत्त, टेलरचं मशीन मात्र अजून चालू. समुद्रकाठच्या या जुन्या शहराची सहल मास्तरांनीच काढली होती, आणि ती नुसती सहल नव्हती.

मागच्या आठवड्यात टेलरची बायको त्यांना रस्त्यात गाठून म्हणाली होती, "भाऊजी, आमच्या मुलीनं स्वतःच जमवलंय. कचेरीत जाऊन लग्न करणार आहेत. यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. सह्या होईपर्यंत यांना तेवढं लांब ठेवा."

"मुलगा कसा आहे?"

"मुलगा सोन्यासारखा आहे हो. त्याचे वडील जरा आडमुठे आहेत."

"असतात असे बाप," मास्तर म्हणाले आणि त्यांनी काम अंगावर घेतलं. घरी फक्त फिरायला जातोय एवढंच सांगितलं. एरवी ते कुठं निघाले की तोंड वाकडं करणाऱ्या बायकोनं आज न मागता डबा भरून दिला. दिवस चांगला उगवला होता म्हणायचा.

मनाला टोचणी मात्र होती. वेशीवरच्या पाटीपाशी ती फारच बोचली. मास्तरांनी सवयीनं पाटी मोठ्यानं वाचली. शत्रूनं वर्षानुवर्षं वेढा घातला, पण तट काही ढासळला नाही. शेवटी दरवाजा उघडला तो आतल्याच कुणीतरी.

"घरभेदी," पोस्टमन म्हणाला.

मास्तरांनी पाटीकडे पाठ फिरवली. टेलर हा त्यांचा सगळ्यात जुना दोस्त. मास्तर टायफॉइडनं अंथरुणाला खिळले होते तेव्हा दुकान बंद ठेवून उशाशी बसलेला. उद्या यानंच तोंड फिरवलं, तर म्हातारपण कुणाच्या सोबतीनं काढायचं? निदान संध्याकाळपर्यंत याचं मन तरी वळवावं, असं त्यांनी ठरवलं.

दीपगृहाचा जिना अरुंद होता. अर्ध्यावर टेलर पायरीवर टेकला, तसे मास्तरही बसले.

"टेलर, आजकालची मुलं आपापलं जमवतात. बापानं मध्ये आडवं येऊन मिळतं काय?"

"खरंय," टेलर गुडघा चोळत म्हणाला. "पण बापाच्याही मनात काही असतंच की. तुम्ही नाही का, प्रोफेसरांची मुलगी बघून ठेवलीय."

"आमच्या चिरंजीवांचं सोड. तो मला विचारल्याशिवाय चप्पलसुद्धा घेत नाही."

"समजा हो. त्यानं परस्पर लग्न केलं तर? तेही आमच्यासारख्या हातावर पोट असलेल्या घरात?"

खरं सांगायचं तर मास्तरांना ते मुळीच खपलं नसतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गत होती. पण आता माघार घेतली तर दिवसभराच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं.

"मी आशीर्वाद देईन," ते म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

"मी ऐकलं हं," वरच्या पायरीवरून पोस्टमन म्हणाला.

वर गेल्यावर सगळं शहर दिसलं. एवढे राजे झाले, एवढे हुकूम सुटले, आणि संग्रहालयात उरली होती ती घराघरांतली फुटकी मडकी. आपण मघाशी बोललो ते अगदीच खोटं नव्हतं, असं मास्तरांना वाटायला लागलं. कुणाची मुलगी कुणाच्या घरात नांदली यानं असं काय बिघडतं? या विचाराचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

खिशातला फोन वाजला. पलीकडे टेलरची बायको होती. "झालं, भाऊजी. सह्या झाल्या."

मास्तरांनी फोन ठेवला. ते टेलरकडे वळले.

"टेलर, तुझ्या मुलीनं आज लग्न केलं. मला ठाऊक होतं. तू आड येऊ नयेस म्हणून मीच तुला इथे आणलं. काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण बोलणं टाकू नकोस."

टेलरनं मास्तरांचा हात हातात घेतला.

"मला वहिनींनी हेच काम सांगितलं होतं," तो म्हणाला. "सह्या होईपर्यंत तुम्हाला घराकडे फिरकू द्यायचं नाही. चला व्याही, तुमची सून वाट बघत असेल."