धाकट्याचा आठवडा

मापाची पट्टी पुन्हा फ्रिजवर सापडली.

डॉक्टरबाईंचे निळे पडदे वकिलांच्या खिडकीत फार शोभून दिसत होते. वकील खूश. डॉक्टरबाई नव्हत्या.

धाकट्याच्या फोनमध्ये गजराचा कोंबडा आरवला. सकाळचे अकरा.

"ताईला विचारा." हे वाक्य पडद्यांच्या दुकानाच्या पाटीवर रंगवून घ्यायला हरकत नव्हती.

शेवटी थोरलीने भिंतीवर बोर्ड लावला.

पांढरा, लोखंडी, चार रकान्यांचा: माप, कापणं, शिलाई, बसवणं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड, त्यावर एक चुंबक. काम सरकलं की कार्ड सरकवायचं. लाल चुंबक म्हणजे घाई. शिवाय सगळ्यांच्या फोनमध्ये एकच कॅलेंडर. पडदे बसवायच्या दिवशी सगळे फोन एकदम वाजायचे.

"शाळेत आल्यासारखं वाटतंय," शिलाईचे मास्तर म्हणाले.

"तुम्ही शाळेत गेलात कधी?" थोरलीने विचारलं.

"गेलो नाही म्हणून तर भीती वाटते."

दुकान आईचं. एका मशीनवर उभं केलेलं. आता तिचे गुडघे कुरकुरत होते आणि तिने सांगून टाकलं होतं, "महिनाअखेर दुकान एकाच्या हाती देणार. दोन कात्र्या एका कापडावर चालल्या की कापड वाकडं जातं."

एक म्हणजे थोरली, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. ती तापाने पडली तर दुकानालाही ताप यायचा. मैत्रिणीच्या लग्नासाठी तिने दोन दिवस मागितले, तेव्हा आई म्हणाली होती, "जा की. जाताना कुलूप लावून जा."

आणि थोरलीच म्हणाली, "आई, ठरवण्याआधी धाकट्याला आठवडाभर एकट्याला चालवू दे. मी पाऊल टाकणार नाही. मग काय ते ठरव."

मावशीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "पक्की आहेस हं! पोराचं पितळ उघडं पाडणार."

"बघूया," थोरली म्हणाली.

तिने आठवडाही निवडला तो नेमका वसतिगृहाच्या पडद्यांचा. एवढं मोठं काम दुकानात कधी आलं नव्हतं.

"ताई, मला बुडवायचा बेत आहे ना?" धाकट्याने विचारलं.

"बोर्ड बघायचा. कार्ड सांगेल तेवढं करायचं. मला फोन करायचा नाही."

"आणि आग लागली तर?"

"आधी कार्डं बाहेर काढ. मग मास्तरांना."

पहिल्या दिवशी तिचा फोन टेबलावर गप्प पडून राहिला. तिने दोनदा उचलून पाहिला, चालू होता. दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. मग मात्र तिला राहवलं नाही. ती समोरच्या फुटपाथवर, औषधाच्या दुकानाच्या खांबाआड जाऊन उभी राहिली.

काचेतून धाकटा दिसत होता. गळ्यात मापाची पट्टी, हातात कार्ड. मास्तरांनी काहीतरी विचारलं. त्याने बोर्डाकडे पाहिलं, बोट दाखवलं, कार्ड पुढे सरकवलं. चुंबक बदलला. थोरलीने खालचा ओठ दाताखाली धरला आणि मागे न बघता घरी आली.

शनिवारी वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. आईलाच. पडदे वेळेत लागले, एकही उलटा नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर आईने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"तुझ्या बोर्डाने गाढवाचा घोडा केला," ती थोरलीला म्हणाली.

"आई!" धाकटा ओरडला.

"घोडा म्हणाले ना? गप्प बस." आईने क्षणभर थोरलीकडे पाहिलं. "दुकान याला देतेय. तुझं कुठंही अडणार नाही, याचं अडेल. आणि आता तुझ्यावाचून दुकानाचंही अडत नाही."

मावशीच्या हातातला पेला खाली आपटला. "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास! कुणी सांगितलं होतं एवढं शहाणपण?"

थोरलीने किल्ल्या धाकट्याकडे सरकवल्या, अगदी कार्ड सरकवावं तशा. "आईने ठरवलं, संपलं."

धाकट्याला मान वर करवेना. "ताई, रागावलीस?"

"रागावले असते तर चुंबक घेऊन गेले असते."

"खरं सांग."

"मागचं शटर ओढताना अडकतं. आधी थोडं वर उचलायचं."

परगावच्या नाट्यगृहात रंगमंचाचे पडदे सांभाळायची नोकरी थोरलीने बोर्ड विकत आणायच्या आदल्या दिवशीच पत्करली होती.